प्रत्यारोपित फुप्फुसातील जिवाणू

हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांचा बाहेरच्या हवेशी थेट संबंध येत नाही. फुप्फुसाचा मात्र तो प्रत्येक श्वासागणिक येतो. म्हणूनच फुप्फुस प्रत्यारोपणात जंतुसंसर्गाचा धोका विशेष मोठा असतो. अमेरिकेत १९६३ साली डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसावर असे पहिले प्रत्यारोपण केले. तो रुग्ण अठरा दिवसच जगला. टोरंटो येथे डॉ. जोएल कूपर यांना १९८३ मध्ये दीर्घकाळ टिकणारे पहिले यश लाभले.

शस्त्रक्रियेत दात्याच्या फुप्फुसाचे मज्जातंतू तुटतात. परिणामी श्वासनलिकेच्या जोडाखाली कफ साचला, तरी खोकल्याची उबळ पूर्वीसारखी येत नाही. कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म रोमांचे कामही मंदावते. शिवाय परका अवयव शरीराने नाकारू नये, यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायम घ्यावी लागतात. अशा स्थितीत ‘स्यूडोमोनास’सारख्या जिवाणूंचे फावते. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांत तर नाकाभोवतीच्या पोकळ्यांत दडून राहिलेले जुने जिवाणू नव्या फुप्फुसातही उतरू शकतात.

निरोगी फुप्फुस निर्जंतुक असते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जिवाणूंची जनुकीय ओळख पटवणाऱ्या तंत्रांमुळे तो मागे पडला. तोंडातील लाळेचे सूक्ष्म थेंब नकळत श्वासमार्गात उतरतात आणि त्यांबरोबर ‘स्ट्रेप्टोकोकस’, ‘प्रेव्होटेला’, ‘व्हीलोनेला’ यांसारखे जिवाणूही पोहोचतात.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०२१ मध्ये ६४ रुग्णांच्या प्रत्यारोपित फुप्फुसांतून घेतलेल्या २३४ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार प्रकार आढळले : विविध जिवाणूंचा समतोल असलेला, स्टॅफिलोकोकसचे प्राबल्य असलेला, स्यूडोमोनासचे प्राबल्य असलेला आणि जिवाणू अत्यल्प असलेला. रुग्णाच्या स्थिर प्रकृतीशी संबंध दिसला तो समतोल समूहाचा. अर्थात, समतोलामुळे प्रकृती सुधारते की चांगल्या प्रकृतीमुळे समतोल टिकतो, हे केवळ अशा संबंधावरून ठरत नाही.

तरीही या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. कालांतराने श्वासनलिकांच्या बारीक शाखा आकसत जाणे, हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. संसर्ग झाल्यास प्रतिजैविके द्यावीच लागतात; पण त्यांनी घातक जिवाणूंबरोबर निरुपद्रवी जिवाणूही मरतात. त्यामुळे फुप्फुस निर्जंतुक करण्यापेक्षा त्यातील समतोल राखणे कसे साधेल, हा वैद्यकापुढील खरा प्रश्न आहे.