यंत्राच्या कसोटीवर जुने डाव

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात : "सर, भाऊसाहेबांनी असे का केले नाही?" उदगीरच्या विजयानंतर, १७६० साली, आमचे बऱ्हाणपूर व शेजारचा अशीरगड निजामाकडून मराठ्यांकडे आला आणि वर्ष पुरे होण्याआधीच पानिपत झाले. नकाशा समोर असला की पराभूताच्या चुका दाखविणे सोपे असते. बुद्धिबळाच्या इतिहासालाही आता हाच प्रश्न विचारला जात आहे आणि विचारणारा आहे संगणक.

पेच मांडून परीक्षा घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा अशा पेचांचा संग्रह संस्कृतातून इंग्रजीत येऊन १८१४ साली मुंबईत छापला गेला. तेव्हा परीक्षा माणसाची होती. पुढे ती यंत्राची झाली. १९८२ मध्ये ब्रात्को व कोपेक यांनी त्यासाठी २४ पेच निवडले. राइनफेल्डच्या पुस्तकातील ३०० पेचही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कसोटी म्हणून वापरले. हल्ल्याचे पेच यंत्राला अवघड जात, त्याचे कारण साधे आहे. प्याद्याला १, घोड्याला व उंटाला ३, हत्तीला ५, वजिराला ९ असा हिशेब ते मांडते. हत्ती फुकट देणारी चाल या हिशेबात तोट्याची दिसते. तिचा लाभ दहा चालींनंतर असेल तर तिथवर पाहावे लागते.

१९९८ साली लिनारेसला शिरोवने टोपालोवविरुद्ध ४७ व्या चालीला उंट सरळ प्याद्याच्या तोंडी दिला. डावाच्या अखेरीची ही चाल यंत्रांना बरीच वर्षे चटकन सापडत नसे. तिथे माणूस पुढे होता.

पुढे यंत्रांची दृष्टी लांबवर पोहोचली आणि जुन्या डावांची झाडाझडती सुरू झाली. लंडनमध्ये १८५१ साली आंडरसेनने कीझेरित्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन उरलेल्या दोन घोड्यांनी व उंटाने मात केली. हाच तो 'अमर डाव'. यंत्र म्हणते, १८ वी चाल सर्वोत्तम नव्हती. काळ्याचा अधिक चांगला बचाव तर स्टाइनिट्झने एकोणिसाव्या शतकातच सुचविला होता. १९९९ साली वाइक आन झी येथे कास्पारोवने टोपालोवला २४ व्या चालीला हत्ती देऊ केला. टोपालोवने तो घेतला आणि त्याचा राजा पट ओलांडून पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत हाकला गेला. हत्ती न घेता राजा हलविला असता तर काळ्याला भीती नव्हती.

मग हे डाव खोटे ठरले काय? मला तसे वाटत नाही. येथे प्रश्न दोन आहेत : चाल अचूक होती का, आणि त्या वेळी जे दिसत होते त्यावरून निर्णय योग्य होता का? पहिल्याचे उत्तर यंत्र देते. दुसऱ्यासाठी समोर बसलेला माणूस, त्याची भीती, त्याचा मोह आणि हाती असलेला वेळ पाहावा लागतो. बचाव अस्तित्वात असणे वेगळे आणि तो पटावर सापडणे वेगळे.

शिवाय विचार मरत नाही. १९०७ साली लोड्झला रुबिनस्टाइनने रोटलेवीवर जो हल्ला चढविला, त्याची आठवण करून देणारा डाव आनंदने २०१३ मध्ये अरोनियनविरुद्ध जिंकला. यंत्राच्या युगातही जुन्या गुरूची शिकवण कामास आली.

आमच्या इतवाऱ्यात मराठी घर असो वा हिंदी, पटावरच्या हत्ती, उंट, घोड्याला दोन्हीकडे एकच नाव. उच्चाराचा काय तो फरक. आता या मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यावरचे यंत्र कोणत्याही विश्वविजेत्याहून बलवान आहे. त्यांनी त्याला जरूर विचारावे. पण आधी स्वतः पटासमोर बसून चाल ठरवावी. पानिपताविषयीही माझा आग्रह हाच असतो : काय चुकले ते अवश्य लिहा, मात्र त्या सकाळी भाऊसाहेबांना काय ठाऊक होते, हे त्याआधी लिहा.