रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघ

महाराष्ट्रातील 48 लोकसभा मतदारसंघांपैकी दक्षिण टोकाचा किनारी मतदारसंघ. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. 2008 च्या पुनर्रचनेत तो अस्तित्वात आला आणि 2009 मध्ये येथे पहिली निवडणूक झाली.

त्याआधी या भागाचा मतदारसंघ राजापूर. बॅ. नाथ पै यांनी 1957, 1962 आणि 1967 अशा तीन निवडणुका येथून जिंकल्या. जानेवारी 1971 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रा. मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. 1991 मध्ये सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला आणि 1996 पासून चार वेळा सुरेश प्रभू निवडून आले. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी मतदारसंघाचे नाव बदलले नाही. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघ सिंधुदुर्गात आणि नाव मात्र शेजारच्या जिल्ह्यातील गावाचे, अशी गंमत सत्तावीस वर्षे टिकली.

2008 मध्ये जिल्ह्याचे नाव मतदारसंघाला मिळाले, पण त्याच फेरीत जिल्ह्याचे आमदार पाचावरून तीनवर आले. कारण जनगणनेचे. पुनर्रचनेला आधार 2001 च्या लोकसंख्येचा होता. राज्यात एका आमदारामागे सरासरी सुमारे 3.36 लाख लोक येत होते आणि सिंधुदुर्गाची एकूण लोकसंख्या होती 8,68,825. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येतो. शिरगणती मात्र त्याला परळ-भांडुपात मोजते. मालवण, वेंगुर्ला आणि देवगड हे विधानसभा मतदारसंघ त्यामुळे गेले आणि कुडाळ नव्याने आला. मालवण तालुका कुडाळला, वेंगुर्ला सावंतवाडीला आणि देवगड कणकवलीला जोडला गेला. नारायण राणे ज्या मालवणमधून 1990 पासून निवडून येत होते, ते नाव विधानसभेच्या यादीतून पुसले गेले.

उत्तरेला जुना रत्नागिरी मतदारसंघही मोडला. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. रत्नागिरीचे खासदार अनंत गीते 2009 मध्ये रायगडमधून निवडून आले. चिपळूण आणि रत्नागिरी दक्षिणेला जोडले गेले. परिणामी खासदाराला आज वाशिष्ठीच्या काठापासून गोव्याच्या सीमेवरील दोडामार्गापर्यंत फिरावे लागते. मालवणच्या मच्छीमाराचे पर्ससीन जाळ्यांविरुद्धचे गाऱ्हाणे आणि चिपळूणचा पूर एकाच माणसाच्या टेबलावर येतात. नाव मिळवून आमदार गमावण्याचा हा सौदा सिंधुदुर्गाला महागच पडला असे म्हणावे लागेल.

नव्या मतदारसंघातून 2009 मध्ये नीलेश राणे (काँग्रेस), 2014 आणि 2019 मध्ये विनायक राऊत (शिवसेना), तर 2024 मध्ये नारायण राणे (भाजप) 47,858 मतांनी निवडून आले. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटून 8,49,651 झाली. या घटीचा परिणाम आमदारांच्या संख्येवर लगेच झाला नाही, कारण राज्यघटनेनुसार जागांच्या फेरवाटपावरील स्थगिती 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे.