वऱ्हाडातील ओढे-नद्यांचे मत्स्यसमूह व भूवापर

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील ओढ्या-नद्यांत कोणते मासे एकत्र नांदतात, हे पाणलोटात जंगल आहे, कपाशी आहे, संत्र्याची बाग आहे की शहर, यावर पुष्कळसे ठरते. पूर्वी हा अभ्यास जातींच्या याद्यांवर होत असे. आता मासा काय खातो, त्याचे तोंड कोठे आहे, तो अंडी कशावर घालतो, श्वास कसा घेतो, प्रवाहात कसा टिकतो, ही गुणवैशिष्ट्ये अधिक बोलकी मानली जातात. दोन ओढ्यांत सारख्याच संख्येने जाती सापडल्या, तरी एकात दगडावरचे शेवाळ खरवडणारे मासे असतील आणि दुसऱ्यात हवा गिळून जगणारे. यादीच्या आकड्यात हा फरक दिसत नाही, आणि वऱ्हाडातले नुकसान तेथेच लपून राहिले आहे.

प्रदेश : मेळघाटातील सिपना, गाडगा, खंडू, खापरा या नद्या तापीला मिळतात. गाविलगडच्या दक्षिण उतारावरून चंद्रभागा, शहानूर व वान, पूर्वेकडून पेढी, आणि दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा व मन या पूर्णेत येतात. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. मोर्शी-वरुडचे पाणी मात्र वर्धेतून गोदावरी खोऱ्यात जाते. त्यामुळे मोर्शीचा ओढा आणि धारणीचा ओढा यांची सरळ तुलना केली, तर भूवापराचा म्हणून दिसणारा फरक अंशतः दोन खोऱ्यांच्या जुन्या इतिहासाचा असू शकतो. बहुतेक लहान ओढे पावसाळा संपल्यावर काही महिन्यांतच आटतात आणि उरतात ते डोह. मासे उन्हाळा काढतात ते डोहांत, आणि पुढच्या पावसात ओढा पुन्हा भरतो तो याच माशांनी. म्हणून येथे भूवापराचा माशांवरील परिणाम हा बव्हंशी डोहांवरील परिणाम असतो.

मेळघाट : वैराट (१,१७८ मी.) हे येथील सर्वोच्च ठिकाण; १९७४ मध्ये हा भाग व्याघ्रप्रकल्प झाला. सागाचे जंगल, बेसाल्टचे खडक, तळाशी गोटे व भरड वाळू. काठच्या झाडांमुळे पाण्यावर सावली राहते आणि झाडांवरचे किडे पाण्यात पडतात. डेवारिओ व रासबोरा यांसारखे वरवर पोहणारे मासे ते टिपतात. शिस्टुरा प्रजातीचे बोटाएवढे लांबट मासे गोट्यांच्या फटींत राहून कीटकांच्या अळ्या खातात.

तळावरचा सर्वांत लक्षणीय मासा मळ्या (गारा मुल्या). तो हातात घेऊन उलटा केला की खालच्या ओठामागे मांसल चकती दिसते. पोट चपटे, छातीजवळचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, तोंड पूर्णपणे खाली. धारेत तो दगडाला धरून राहतो व त्यावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडतो. दगडावर गाळाचा हलका थर बसला, तरी त्याची पकड सुटते आणि तोंडात शेवाळाऐवजी माती येते. असा मासा गाळाच्या ओढ्यात हळूहळू कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही; तो तेथून लवकरच जातो.

धारेतल्या माशांच्या अशा चिकटण्याच्या अवयवांवर सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्ये विस्तृत निबंध लिहिला. पुढे १९४० च्या दशकात त्यांनी ‘सातपुडा सिद्धांत’ मांडला : पूर्वेकडील डोंगरी ओढ्यांचे मासे सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटापर्यंत पोचले. जनुकीय अभ्यासानंतर हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारला जात नाही. तरीही गाविलगडचे ओढे भारतीय मत्स्यविज्ञानाच्या एका मोठ्या प्रश्नाच्या वाटेवर आहेत, आणि त्यांच्याकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले आहे.

कोहा, कुंड, बोरी ही गावे २००१ नंतरच्या काळात प्रकल्पाच्या गाभ्यातून हलवली गेली व शेतांच्या जागी गवत वाढले. नांगरलेली जमीन गवताखाली गेल्यावर ओढ्याचा तळ किती वर्षांत मोकळा होतो, हे तपासण्याची अशी संधी राज्यात फार थोड्या ठिकाणी आहे. ती वाया जाऊ नये.

पायथा व संत्रापट्टा : अचलपूर, परतवाडा, चांदूरबाजार या भागांत बागांसाठी होणारा भूजलाचा उपसा व डोहांवर बसवलेल्या मोटारी हा मुख्य घटक. डोह फेब्रुवारीतच आटला, तर पाणी कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. शहानूर, चंद्रभागा व वान (हनुमान सागर, वारी) ही धरणे डोंगराच्या पायथ्याशीच आहेत. चढणीचे मासे भिंतीशी अडतात आणि मेळघाटातील साठ्यापासून खालचे ओढे तुटतात. खाली एखादी जात एकदा संपली की वरून परत येण्याची वाट अरुंद होते.

काळ्या जमिनीचे खोरे : येथे कपाशी, तूर व सोयाबीन. पेरणीसाठी उघडी केलेली माती पहिल्या पावसात ओढ्यात येते, आणि बहुतेक माशांची अंडी घालण्याची वेळही तीच. गोट्यांत किंवा वाळूत सोडलेली अंडी गाळाखाली गुदमरतात. याउलट डोक (चन्ना गाचुआ) या माशाचा नर अंडी तोंडात सांभाळतो. १९५२ मध्ये देशात आणलेल्या तिलापियाची मादीही तेच करते. दोघांनाही तळाची पर्वा नाही. कपाशीवरच्या फवारणीचा पहिला फटका जलकीटकांना बसतो व त्यांच्यामार्फत शिस्टुरासारख्या माशांना. २००२ मध्ये बीटी कपाशी आल्यावर फवारणीचे एकूण ओझे घटले की केवळ औषधे बदलली, यावर मतभेद आहेत.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातील नाला खोलीकरणाने पाणी अधिक काळ थांबते असे एक मत आहे, आणि साचल्या पाण्यातील माशांना त्याचा लाभ होऊ शकतो. परंतु यंत्राने सरळ कापलेल्या नाल्यात खळाळ, गोटे व डोह यांचा आलटून-पालटून येणारा क्रम राहत नाही. आराखड्यात या क्रमाला जागा हवी होती.

पूर्णेचा खारपाणपट्टा (सुमारे ४,७०० चौ.किमी.) : भूजल खारे, ओढ्यांतील माशांवरील परिणाम स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा.

शहरे : अकोल्यात मोर्णेवर सांडपाणी व जलपर्णी. जानेवारी २०१८ मध्ये नागरिकांनी मोठ्या संख्येने नदीत उतरून जलपर्णी काढली. या मोहिमेची देशभर दखल घेतली गेली. जलपर्णीच्या सलग थराखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. मग टिकतात ते हवेतून श्वास घेणारे : डोक्यात श्वसनकप्पे असलेले मरळ व डोक, कल्ल्यांमागे शेपटीकडे लांबवर गेलेल्या वायुपिशव्या असलेली शिंगी, आणि मागूर. हे मासे बाजारात मोलाचे असल्याने नदीत ‘मासा आहे’ असा समज राहतो. जलपर्णी काढून सांडपाणी तसेच सोडले, तर ती पुन्हा वाढते.

अभ्यास : कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, मळ्या व महसीर (टोर खुद्री) यांची शास्त्रीय नावे त्यांचीच. वऱ्हाड त्यांच्या कामाच्या कडेला राहिला. अलीकडे नीलेश हेडा यांनी विदर्भातील नद्यांवर काम केले असून मध्य भारतातील गोड्या पाण्याच्या माशांची त्यांची क्षेत्रपुस्तिका उपयुक्त आहे. भोई समाजाचे डोहांविषयीचे ज्ञान या कामांना पूरक ठरते : कोणता डोह कोणत्या महिन्यात आटू लागला, हे जुन्या मासेमाराइतके नेमके दुसरा कोणी सांगू शकत नाही. पुढील सर्वेक्षणे त्याच डोहांवर, पावसाच्या आरंभी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अशी दोनदा झाली, तरच गुणवैशिष्ट्यांतील बदल पकडता येईल.