जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट नॉर्मल, मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी कशाला?

मलेरियासाठी प्रायमाक्विन सुरू केले, दोन-तीन दिवसांत मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, हिमोग्लोबिन घसरले. डॉक्टरांनी जी-सिक्स-पीडी तपासायला सांगितले आणि रिपोर्ट नॉर्मल आला. "म्हणजे कमतरता नाही ना?" हा प्रश्न मला पालक हमखास विचारतात. त्या दिवसांतल्या रिपोर्टवरून तसे ठामपणे सांगता येत नाही. लॅबचा आकडा बहुधा बरोबरच असतो. फरक पडतो तो लाल पेशींच्या वयामुळे.

लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसल्यामुळे तिला नवीन एन्झाइम बनवता येत नाही. तयार होताना मिळालेल्या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात. पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवणारे जी-सिक्स-पीडी निरोगी माणसात निम्मे व्हायला सुमारे ६० दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या कमतरतेच्या एका प्रकारात ते सुमारे १३ दिवसांतच निम्म्यावर येते. अशा व्यक्तीच्या तरुण पेशी ठीक असतात, म्हाताऱ्या जवळजवळ रिकाम्या.

औषधाचा मारा झाला की आधी या म्हाताऱ्या पेशी फुटतात. अस्थिमज्जा घाईने नव्या पेशी रक्तात सोडते. म्हणजे नमुन्यात उरतात त्या बहुतांशी तरुण पेशी, आणि त्यांचे एन्झाइम चांगले भरते. कमतरता तीव्र प्रकारची असेल तर तरुण पेशींतही ते कमीच सापडते. त्यामुळे 'कमी' आलेला रिपोर्ट दुर्लक्षू नका.

नॉर्मल आला असेल तर रेटिक्युलोसाइट काउंट किती होता ते विचारा. तो वाढलेला असेल तर सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. रक्त चढवले असल्यास तेही सांगा, कारण तेव्हा दात्याच्या पेशीही मोजल्या जातात. तोवर कमतरता आहे असे धरूनच चाला: डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन नको, कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढून टाका. मलेरियाचे पुढचे उपचार मात्र परस्पर सोडू नका. त्याचा वेगळा मार्ग डॉक्टर ठरवतील.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो. भाऊ आणि मामा यांचीही तपासणी करून घ्या. आपल्याकडे हे नसतेच असे समजू नका. याच्या एका प्रकाराच्या नावातच कल्याण आहे.