वऱ्हाडांतील जुनी बंदूक आणि लंडनांतील तलवार

जुन्या दप्तरांच्या शोधांत हिंडणाऱ्यांस एक अनुभव बहुधा आलेला असतो. ज्या फडताळांत रुमाल बांधून ठेवलेले असतात त्याच फडताळाच्या मागल्या बाजूस एखादी तलवार, कट्यार किंवा बंदूक उभी असते. आणि कागदांवर डोळा ठेवून गेलेला संशोधक तिजकडे पाहून न पाहिल्यासारखें करतो. पुढें वांटण्या होतात, शस्त्र विकलें जातें, आणि त्यासंबंधाचे कागद मात्र रद्दींत जातात. विक्रीच्या या वेळीं इतिहासाची जी हानि होते तिचा विचार येथें कर्तव्य आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णी हें गांव अरुणावती नदीच्या कांठीं असून बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळें तें दूरवर माहीत आहे. १७ डिसेंबर १८०३ रोजीं झालेल्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेलें. १९०२ त तें कायमच्या पट्ट्यानें त्यांजकडे राहिलें आणि १९०३ त मध्यप्रांतास जोडलें गेलें. म्हणजे शंभर वर्षांत या टापूनें तीन सरकारें पाहिलीं. मुलूख कापूस-ज्वारीचा, रान जवळ, आणि रानडुकरांचा उपद्रव ठरलेला. अशा मुलखांत पाटील-देशमुखांच्या वाड्यांतून पीकरक्षणाच्या व शिकारीच्या बंदुका असाव्यात यांत नवल नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवाना आवश्यक झाला, व त्यामुळेंच बंदुकीबरोबर कागदही घरांत आला. या कागदाचें महत्त्व पुढें दिसेल.

आतां पंप-बंदुकीविषयीं. ठासणीची बंदूक व दुनळी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पंपाची बंदूक त्यामानानें अपरिचित. तींत नळी एकच असून तिच्याखालीं काडतुसांची दुसरी नळी असते. पुढची लांकडी मूठ मागें ओढली म्हणजे उडालेलें टरफल बाहेर पडतें व पुढें सारली म्हणजे नवें काडतूस आंत बसतें. क्रिस्टोफर स्पेन्सर नामक अमेरिकन कारागिराची या जातीची बंदूक १८८२ ची. ती विशेष चालली नाहीं. जॉन ब्राउनिंग याच्या कल्पनेवरून विंचेस्टर कंपनीनें १८९३ त दुसरी काढली. परंतु ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठीं होती, आणि नवी निर्धूर दारू तिला सोसेना. म्हणून सुधारून बळकट केलेला १८९७ चा नमुना आला. तो १९५७ पर्यंत निघत होता व त्याच्या दहा लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या. मागें बाहेर दिसणारा घोडा ही त्याची खूण. १९१७ नंतर याच नमुन्याची आंखूड नळीची बंदूक अमेरिकन शिपायांनीं युरोपांतील खंदकांत वापरली, व १९१८ च्या सप्टेंबरांत जर्मन सरकारनें तिजविरुद्ध रीतसर निषेध नोंदविला. साहेबी शिकारीच्या शिष्टाचारांत दुनळीलाच मान असल्यामुळें हिंदुस्थानांत ही अमेरिकन यंत्ररचना कमी आढळते. नेमक्या याच कारणानें ती एखाद्या वऱ्हाडी घरीं निघाली तर "ही येथें कशी आली?" हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो.

त्या प्रश्नाचें उत्तर कांहीं अंशीं बंदूकच देते. ती अमेरिकेची असून नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहाचे ठसे असतील, तर ती इंग्लंडांतील बाजारांतून गेलेली आहे असें समजावें. कारण विलायतेंत विकावयाच्या नळ्यांची दारूनें परीक्षा होऊन त्यांवर ठसा पडणें तेथील कायद्यानें जरूर होतें. खालच्या बाजूस कोरलेल्या अनुक्रमांकावरून ती घडविल्याचें साल अजमासानें लागतें. परंतु ती कोणत्या दुकानांतून, कोणी, कोणत्या कारणासाठीं घेतली हें लोखंडावर लिहिलेलें नसतें. तें परवान्याच्या पुस्तकांत, नूतनीकरणाच्या शिक्क्यांत आणि काडतुसांच्या पावत्यांत असतें.

शस्त्र आणि कागद यांची ताटातूट झाली म्हणजे काय होतें याचें मोठें उदाहरण नागपूरकरांच्याच घराण्याचें आहे. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथें सदबी यांच्या लिलावांत सेनासाहेबसुभा रघूजी भोसले (पहिले) यांची तलवार विक्रीस आली. पातें युरोपीय, सरळ व एकधारी. मूठ मराठी घडणीची, तीवर सोन्याचें कोफ्तगारी काम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरींत "श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग" अशीं अक्षरें. ज्या पुरुषानें बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ त ओरिसा व बंगालची बारा लक्ष चौथाई मिळविली त्याचें नांव तीवर आहे, म्हणूनच ती ओळखतां आली. महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत ती घेतली. खर्चासुद्धां ४७ लक्ष १५ हजार रुपये पडले. ११ ऑगस्टला लंडनांत ताबा घेऊन १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस आणली गेली.

हा आनंदाचा प्रसंग खराच. पण ही फिरंग नागपुराबाहेर केव्हां गेली? १८१७ च्या नोव्हेंबरांतील सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटींत गेली असावी असा तर्क केला जातो. दुसरीही वाट संभवते. तिसरे रघूजी १८५३ त वारले, राज्य खालसा झालें, व राजवाड्यांतील जवाहीर व चीजवस्तु इंग्रजांनीं लिलावांत विकली. त्या गर्दींत, किंवा एखाद्या नजराण्यांत, ती गेली नसेल असें कोणी सांगावें? आमच्या मतें तर्क तर्काच्याच नांवानें सांगावा. सरकारी खरेदीमुळें तलवार परत आली. तिचा मधला प्रवास कांहीं आला नाहीं. आणि हें राजघराण्याच्या नामांकित शस्त्राविषयीं! आर्णीकडील एखाद्या शेतकऱ्याच्या बंदुकीवर तर कोणाचें नांवही कोरलेलें नसतें.

जुनी बंदूक विकूं इच्छिणारा दोन कायद्यांच्या मध्यें सांपडतो, व येथेंच संग्राहकांची फसगत होते. १९७२ चा प्राचीन वस्तूंचा कायदा शंभर वर्षांची वस्तु प्राचीन मानतो; हस्तलिखितास पाऊणशें वर्षें पुरतात. अशी वस्तु खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं, व तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. उलट १९५९ चा शस्त्रांचा कायदा वय विचारीत नाहीं. जुन्या धाटणीचें वा पुराणवस्तु म्हणून मोलाचें हत्यार दुरुस्तीनेंही उडविण्याजोगें राहिलें नसेल तरच तें त्या कायद्यांतून सुटतें. १८९७ ची पंप-बंदूक सव्वाशें वर्षांची होऊनही तेल घातल्यास बार काढते. सबब ती पहिल्या कायद्यानें पुराणवस्तु ठरली तरी दुसऱ्यानें जिवंत हत्यारच राहते. ती बाळगण्याचा ज्यास अधिकार आहे त्यासच विकतां येते. आणि तेंही जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचें पोलीस ठाणें यांस लेखी कळवून पंचेचाळीस दिवस गेल्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास दोनच बंदुका ठेवतां येतात, वडिलोपार्जित धरून. कित्येक जुन्या संग्रहांची फूट याच कलमानें झाल्यास आश्चर्य नको.

कोणी सुचवितात कीं नळींत भोंक पाडून बंदूक निकामी करावी, म्हणजे परवान्याची कटकट सरली. आम्हांस हें पोथीचीं पानें चिकटवून ती वाळवीपासून वांचविण्यासारखें वाटतें. नळी, ठसे, झिजलेला घोडा हाच तर पुरावा. त्यावर कानस चालविल्यावर उरलें काय? त्याहून वाईट गत वारसांच्या आळसाची. परवानाधारक वारला कीं बंदूक ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते. मुदतींत तिची वाट लावली नाहीं तर ती सरकारजमा होते. तेव्हां अनुक्रमांक तेवढा नोंदींत राहतो, आणि घरचें परवान्याचें पुस्तक निरुपयोगी म्हणून चुलींत जातें.

म्हणून आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, ज्या घरीं ते दप्तर पहाण्यास जातील तेथें बंदूक विकावयाची आहे असें कानीं आल्यास भावाच्या गोष्टींत पडूं नये. परवान्याच्या पुस्तकाची आरंभापासून शेवटपर्यंत नक्कल करून घ्यावी: मूळ धारकाचें नांव, गांव, दिलेल्या अधिकाऱ्याचा हुद्दा, हत्याराचें वर्णन, काडतुसांची संख्या, नूतनीकरणाच्या तारखा. नळीवरील ठशांचे पातळ कागदावर शिसपेन्सिलीनें ठसे उतरावे. नकलेची एक प्रत विकणाऱ्यापाशीं, एक घेणाऱ्यापाशीं व एक मंडळाच्या दप्तरांत राहावी. आणि तीवर ज्या खोलींत बंदूक टांगलेली होती त्या खोलीचाही उल्लेख असावा, कारण वाडा बहुधा बंदुकीच्या आधीं पडतो.