विकलेल्यांची निशाणी

मी मोडी शिकलो ते पेशवाईतल्या कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या कागदांपायी. विकणाऱ्याचे नाव, किंमत, साक्ष. पाटलाची साक्ष असेल तर नांगराची निशाणी. जी विकली गेली तिची निशाणी मी पाहिलेल्या एकाही कागदावर नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्याने या व्यवहारांचा कोर्टातला आधार गेला. माणूस विकणे गुन्हा ठरायला १८६० ची दंडसंहिता यावी लागली. आमच्या विद्वानांना मात्र यांत बाजारभाव तेवढा दिसतो!

याच नाशकात, शरणपूरच्या मिशनमध्ये, गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याच्या सामानाची यादी जेकबने लिहिली. ज्याला लहानपणी माल म्हणून पकडले, तोच गोऱ्या साहेबाच्या मालाची नोंद करीत होता. कुणबिणीच्या हातची अशी एखादी ओळ मी अजून शोधतो आहे.