निकाल, पदवी आणि सनद

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द दोन्हीकडे भेटतात, पण अर्थ थोडा बदलून. 'सनद' हा असाच एक शब्द. अरबीतून तो फारसी-उर्दूत आला आणि तिथून मराठीत. उर्दूत विद्यापीठाच्या पदवीच्या कागदाला सनद म्हणतात. मराठीत मात्र आज सनद म्हटले की वकिलीचा परवानाच आठवतो.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. एलएल.बी.चा निकाल लागला होता. दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, एटीकेटीवर ती तिसऱ्या वर्षात गेली, मग मागचे-पुढचे सगळे विषय सोडवले. मी उर्दूच्या सवयीने म्हणाले, "मुबारक! सनद मिळाली." ती हसली आणि म्हणाली, "टीचर, सनद अजून कुठे? अब्बा म्हणतात, डिग्री झाली, तेवढे पुरे."

ती गेल्यावर मला कॉर्नेलिया सोराबजींची आठवण झाली. निकाल, पदवी आणि सनद या तीन गोष्टींमध्ये किती अंतर असू शकते, ते त्यांच्या आयुष्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

कॉर्नेलिया मूळच्या आपल्याच मुलखातल्या. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. वडील पारशी घराण्यातले, पण ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. शेवटच्या परीक्षेत त्यांचे गुण सर्वांत वरचे होते. त्या जागेवर मुलगा असता तर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. त्यांना ती मिळाली नाही. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

त्यांना कायदा शिकायचा होता. वर्गात बसणे जमले, ग्रंथालयाचे दार उघडले, पण कायद्याची बी.सी.एल. ही परीक्षा त्यांच्याआधी तिथे एकाही स्त्रीने दिली नव्हती. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तेव्हा कुठे १८९२ मध्ये त्या परीक्षेला बसल्या. निकाल लागला, त्या पास झाल्या. तिसरा वर्ग मिळाला.

तिसऱ्या वर्गावर काही लोक नाक मुरडतील. मी वीस वर्षांपासून उत्तरपत्रिका तपासते आहे. ज्या मुलीला पेपरला बसू देतील की नाही हेच ठाऊक नाही, तिच्या गुणांकडे पाहताना ही गोष्टही मोजावी लागते, एवढेच मी म्हणेन.

तर निकाल हातात आला, पण पदवी आली नाही. ऑक्सफर्ड स्त्रियांना परीक्षा देऊ देई, पण पदवी देत नसे. हा नियम १९२० मध्ये बदलला. केंब्रिजने तर पूर्ण पदवीसाठी स्त्रियांना १९४८ पर्यंत थांबवले. कॉर्नेलियांना त्यांची पदवी १९२२ मध्ये मिळाली. परीक्षा दिली तेव्हा वय २५, पदवी हातात पडली तेव्हा ५५.

मधल्या तीस वर्षांत त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. हिंदुस्थानात परतल्यावर वकिली करू देईनात, तेव्हा त्यांना वाटले की इथली पदवी घेतली तर दार उघडेल. १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. दार उघडले नाही. १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा त्या पास झाल्या. तरीही सनद नाही. एकामागून एक तीन परीक्षा झाल्या, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, की तुम्ही पास आहात, पण तुम्ही स्त्री आहात.

हा अनुभव त्यांच्या एकटीचा नव्हता. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी असलेल्या रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तो १९१६ मध्ये पाच न्यायाधीशांनी मिळून फेटाळला. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता. पण कायदा करणाऱ्यांच्या मनात त्या शब्दात स्त्री नव्हतीच, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला हेच आले. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र कॉर्नेलियांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले. एकाच देशात, एकाच वर्षी, दोन उच्च न्यायालयांची दोन उत्तरे! हा घोळ १९२३ च्या कायद्याने मिटला आणि स्त्री असणे हा वकिलीतला अडथळा राहिला नाही. त्याच वर्षी मिठन टाटा लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

सनद नसताना कॉर्नेलियांनी जे काम केले, ते माझ्या जास्त जवळचे आहे. १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार होत्या. पडदानशीन स्त्रिया, हिंदू राण्या आणि मुस्लिम बेगमा, यांच्या नावावर जमीनजुमला असे, पण वकील पुरुष असल्यामुळे तो जनानखान्यात जाऊ शकत नसे. मधला कारभारी किंवा दीर सांगेल तेच खरे. कॉर्नेलिया थेट आत जात, कागद समजावून सांगत, बाईचे म्हणणे ऐकून घेत. सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी अशी मदत केली.

त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात होत्या. ते लपवून त्यांना मोठे करण्याची गरज नाही. पण जनानखान्याचे दार ओलांडून आत जाणारी कायदा शिकलेली बाई किती मोलाची, हे मला माझ्या आजीमुळे कळते. वाटणीच्या कागदावर आजीने दाराआडून अंगठा दिला होता. कागदात काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवले नाही. पडदानशीन बाईने कागद समजून-उमजून केला, हे तो कागद पुढे आणणाऱ्याने सिद्ध करायचे, असे प्रिव्ही कौन्सिलने कधीच सांगून ठेवले होते. कायदा तिच्या बाजूने होता. ते तिला सांगणारे कोणी नव्हते.

आज मुलींना परीक्षेला कोणी अडवत नाही, पदवीही मिळते. पण तिसरे दार अजून जड आहे. पदवीनंतर बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे, मग अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. नोंदणीची फी काही राज्यांत वीस हजारांच्या वर गेली होती. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. पैशांची अडचण कमी झाली. "डिग्री झाली, तेवढे पुरे" या वाक्यावर मात्र कोणत्याही न्यायालयाचा हुकूम चालत नाही. कॉर्नेलियांना हे दार सरकारने बंद केले होते. आमच्याकडे ते घरचेच लोक बंद करतात, तेही प्रेमाने, लग्नाच्या काळजीने.

म्हणून एका रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. अब्बा समोर बसले होते. त्यांना ऑक्सफर्डची गोष्ट सांगितली नाही, आजीच्या अंगठ्याची सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग चहा घ्या म्हणाले. होकारही दिला नाही, नकारही नाही.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. "टीचर, सनदेचा फॉर्म भरला. अब्बा सोबत आले होते."